बेअरिंग वाजू लागले म्हणजे



काल या व्यासपीठावरून संतवाङ्मयातील उपमांवर फार रसाळ व्याख्यान झाले. उद्या हिमालयातील पदभ्रमणावर होणार आहे. या दोहोंच्या मध्ये लोखंडाच्या कड्यांवर बोलायला आमच्यासारखा माणूस उभा आहे, हे आपले औदार्य. चिटणीसांनी आमंत्रण दिले तेव्हा आम्ही कामगारांच्या प्रश्नावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. आम्ही म्हणालो, "बेअरिंगवर बोलतो." ते जरा थांबून म्हणाले, "म्हणजे कामगारांच्या प्रश्नावर नाही?" आम्ही म्हणालो, "त्याच प्रश्नावर. फक्त जरा आतून." त्यांनी बिचाऱ्यांनी पत्रिकेत तसे छापले. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी माणसे ऐकायला जमत आली आहेत. बेअरिंगवर ऐकायला जमलेली सभा मात्र बहुधा हीच पहिली असावी.

या टेबलावर तीन बेअरिंगे ठेवली आहेत. एक नवे आहे, खोक्यात आहे. दुसरे नव्यासारखे दिसते. तिसरे फुटलेले असून रुमालात बांधले आहे. आमचे सगळे बोलणे या तिघांविषयी आहे.

बेअरिंग आपल्या घरात नाही असे कुणी समजू नये. डोक्यावर हा पंखा फिरतो आहे, त्यात ते आहे. विहिरीवरच्या मोटारीत आहे, धुण्याच्या यंत्राच्या पिंपामागे आहे, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीत आहे, शेतकऱ्याच्या गोठ्यातल्या कडबाकुट्टीत आहे आणि बागेतले गवत कापणाऱ्या यंत्रातही आहे. जुन्या बैलगाडीखाली वंगणाचे नळकांडे लोंबत असे, ते ज्यांनी पाहिले असेल त्यांना मूळ गोष्ट पटकन समजेल. आख आणि चाक एकमेकांवर घासतात. घासणे कमी करायचे तर मध्ये वंगण घालायचे. बुश म्हणतात तो हाच प्रकार. बेअरिंगवाल्यांनी एक पाऊल पुढे टाकले. घासण्याच्या ऐवजी गडगडवायचे. पोते ओढण्यापेक्षा पिंप लोटणे सोपे, हे हमालाला कुणी शिकवावे लागत नाही. दोन पोलादी कडी, मध्ये छर्रे, आणि छर्रे एकमेकांवर आपटू नयेत म्हणून त्यांना धरणारी जाळी, जिला आम्ही केज म्हणतो. एवढेच बेअरिंग. वेल्समधल्या फिलिप वॉन नावाच्या लोहउद्योजकाने १७९४ साली गाडीच्या आखासाठी छर्ऱ्यांचे पेटंट घेतले होते. पण छर्रे एकसारखे गोल करणे जमत नव्हते. ते यंत्राने घासून हुबेहूब गोल करण्याची युक्ती १८८३ साली जर्मनीत श्वाइनफुर्ट येथे फ्रीड्रिश फिशर याने काढली, आणि तेथून हा धंदा खरा सुरू झाला.

मात्र आमच्या मनाला सर्वांत जवळची कथा स्वीडनची आहे. गोथेनबर्ग शहरात एक कापडगिरणी होती. तिची जमीन चिकणमातीची. जमीन खचे, इमारत थोडी हले, आणि छताखालून धावणारे लांबच लांब शाफ्ट वाकडे चालू लागत. शाफ्ट वाकडा झाला की बेअरिंग तापे, जाम होई, गिरणी थांबे. त्या गिरणीत देखभालीच्या कामावर स्वेन विंगक्विस्ट नावाचा तरुण इंजिनियर होता. शाफ्ट सरळ करून करून तो कंटाळला असावा. त्याने असे बेअरिंग बनवले की ज्यात छर्ऱ्यांच्या दोन ओळी आणि बाहेरच्या कड्याचा आतला पृष्ठभाग चेंडूच्या आतल्या बाजूसारखा. शाफ्ट थोडा कलला तर आतला भाग त्याच्याबरोबर कलतो आणि तरीही फिरतो. १९०७ साली त्यासाठी कंपनी निघाली. तीच आज एसकेएफ या नावाने जगभर ओळखली जाते आणि आपल्या चिंचवडलाही तिचा कारखाना आहे. ही जाहिरात नव्हे. जयपूरला १९४६ साली स्थापन झालेल्या भारतीय कंपनीची बेअरिंगे बनतात आणि त्यांवरही आम्ही पुष्कळ यंत्रे चालवली आहेत. सांगायचे एवढेच की ही वस्तू विद्वानांच्या खोलीत जन्मली नाही. गिरणीत बंद पडणाऱ्या शाफ्टखाली, कुणाची तरी बोलणी खाता खाता जन्मली.

तिचे मोल युद्धात कळले. दुसऱ्या महायुद्धात १४ ऑक्टोबर १९४३ या दिवशी अमेरिकेची २९१ बाँबफेकी विमाने त्याच श्वाइनफुर्टवर पाठवण्यात आली, कारण तेथे बेअरिंगचे कारखाने होते. त्यांतली ६० एका दिवसात पडली. रणगाड्याचा पोलादी पत्रा सोडून छर्ऱ्यांसाठी एवढी माणसे का मारायची, याचे उत्तर कोणत्याही वर्कशॉपातला पोऱ्या देईल: बेअरिंग गेले की बाकीचे यंत्र म्हणजे भंगार.

आता कामाचे बोलू. दुकानात गेल्यावर काय मागायचे?

जुन्या बेअरिंगच्या कड्यावर आकडा कोरलेला असतो. समजा, ६२०४. पहिला ६ म्हणजे खोल खाचेचे साधे छर्ऱ्याचे बेअरिंग. दुसरा आकडा त्याची जाडी-रुंदीची मालिका सांगतो. ६२ पेक्षा ६३ अधिक दणकट. शेवटच्या दोन आकड्यांना ५ ने गुणले की आतल्या भोकाचे माप मिलिमीटरमध्ये मिळते. ०४ म्हणजे २०, ०५ म्हणजे २५, ०८ म्हणजे ४०. याला अपवाद खालचे चार: ०० म्हणजे १०, ०१ म्हणजे १२, ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. त्यामुळे ६२०४ चे भोक २०, बाहेरचा व्यास ४७ आणि रुंदी १४ मिलिमीटर. जपानी घ्या, जर्मन घ्या, जयपूरचे घ्या, माप तेच. जगात माणसांचे एवढे एकमत दुसऱ्या कशावर झालेले आमच्या पाहण्यात नाही.

परंतु लोक आकड्यापाशी थांबतात आणि तिथेच फसतात. आकड्यापुढची अक्षरे तितकीच महत्त्वाची. झेडझेड किंवा टू-झेड असेल तर दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणे आहेत. टू-आरएस असेल तर रबराची. पत्र्याचे झाकण कड्याला टेकत नाही, म्हणून ते वेगाला आणि उष्णतेला बरे. पण बारीक धूळ आणि पाणी त्याच्या फटीतून शिरते. रबर टेकते, थोडे अडते, पण घाण बाहेर ठेवते. बागेत ओले गवत आणि माती उडते, तेथे टू-आरएस हवे. बंद मोटारीत झेडझेड पुष्कळदा योग्य. काही लोक "उघडे स्वस्त पडते, वरून ग्रीस भरू" म्हणतात. पिठाच्या गिरणीत उघडे बेअरिंग बसवले तर महिनाभरात ग्रीस आणि पीठ मिळून जो लगदा होतो त्याला छर्ऱ्यांच्या दृष्टीने खायचा पदार्थ म्हणता येणार नाही.

तिसरी खूण सी-थ्री. छर्रे आणि कडी यांच्यामध्ये केसापेक्षा बारीक मोकळीक ठेवलेली असते. सी-थ्री म्हणजे ती नेहमीपेक्षा थोडी जास्त. मोटार चालू लागली की आतले कडे बाहेरच्यापेक्षा अधिक तापते, फुगते आणि ती मोकळीक खाऊन टाकते. म्हणून पुष्कळ मोटारींना सी-थ्री लागते. जुन्यावर सी-थ्री असेल तर नव्यावर असलेच पाहिजे. दुकानदार "चालतं हो, सगळं एकच" म्हणाला तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जावे.

बेअरिंग किती टिकेल याचा हिशेब १९४७ साली स्वीडनमधल्या लुंडबर्ग आणि पाल्मग्रेन या दोघांनी मांडला. तो आम्ही रात्री कंदिलाखाली नव्हे, वीज होती, पण चाळीतल्या सार्वजनिक दिव्याखाली शिकलो, आणि एकदा समजल्यावर तीन रात्री झोप आली नाही. छर्ऱ्याच्या बेअरिंगवरचा भार दुप्पट केला तर आयुष्य निम्मे होत नाही, एक अष्टमांश होते. ६२०४ ची भार पेलण्याची क्षमता साधारण १३ किलोन्यूटन धरू. त्यावर १ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १०० किलो वजनाइतका भार आला आणि ते मिनिटाला ३,००० फेरे फिरले, तर अशा शंभरातली नव्वद बेअरिंगे १२,००० तासांच्या वर टिकावीत. भार २ किलोन्यूटन झाला की सुमारे १,५०० तास. पट्टा गरजेपेक्षा ताणून बसवणारा फिटर काय करतो ते आता पाहा. पट्टा घसरू नये म्हणून त्याने दोन बोटे जास्त ओढला, आणि पाच वर्षांचे आयुष्य काही महिन्यांवर आणले. मग शिव्या बेअरिंगच्या कंपनीला.

हा हिशेब खऱ्या पोलादाचा आहे. छर्ऱ्याच्या बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का कर्ब आणि दीड टक्का क्रोमियम असते. ते कडक करून रॉकवेल मापाने ६० च्या आसपास आणि वर न्यावे लागते. पोलाद स्वच्छ नसेल, कडकपणा कमी असेल, तर लुंडबर्ग-पाल्मग्रेन काय करणार? आणि येथून आमच्या दुसऱ्या बेअरिंगची गोष्ट सुरू होते. जे नव्यासारखे दिसते ते.

आमचे शिक्षण नववीपर्यंत. १९८६ साली, सोळाव्या वर्षी, आम्ही एका शहरात एका गाळ्यात कामाला लागलो. आठवड्याला साठ रुपये. काम असे: भंगारातून पोत्याने आलेली बेअरिंगे रॉकेलमध्ये धुवायची, ब्रशने घासायची, बफावर चमकवायची. जी फार खडखडत त्यांत घट्ट ग्रीस भरायचे, म्हणजे हाताने फिरवताना आवाज येत नाही. मग एक वयस्कर गृहस्थ येत, त्यांचा हात चित्रकाराचा होता; ते कड्यावर कंपनीचे नाव कोरत. शेवटी तेलकट कागदात गुंडाळून खोक्यात. खोकी छापून येत. आम्ही दिवसाला शे-सव्वाशे बेअरिंगे "नवी" करत होतो. ती कुठे बसली, कुणाच्या यंत्रात बसली, हा प्रश्न त्या वयात आमच्या डोक्यात आला नाही. दीड वर्षाने आम्ही ते काम सोडले. सद्सद्विवेक जागा झाला म्हणून सोडले असे सांगायला आवडले असते. पण रॉकेलने दोन्ही हातांना इसब झाले म्हणून सोडले. त्या गाळ्यातून एकच चांगली गोष्ट घेऊन निघालो, ती म्हणजे एका बेअरिंग कंपनीचा फाटका कॅटलॉग. आमचे पहिले इंग्रजी पुस्तक तेच. शब्दकोश शेजारी ठेवून ते वाचायला आम्हाला दोन वर्षे लागली.

आता तिसरे, रुमालातले.

२०१३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. एका संस्थेच्या बागेत आमचा एक सभासद माळीकाम करत असे. गवत कापायचे यंत्र ढकलत नेताना एकदम मोठा आवाज झाला. पाते आतून पत्र्यावर आदळले, त्याचे टोक तुटले आणि मागच्या रबरी पडद्यातून येऊन त्याच्या पायात घुसले. उजव्या पायाची दोन बोटे गेली. आम्ही इस्पितळात पोहोचलो तेव्हा तो शुद्धीवर होता. म्हणाला, "दादा, आठ दिस आवाज येत हुता. म्या सांगितलं हुतं."

"कुणाला?"

"समद्यास्नी."

"लिहून का दिलं नाहीस?"

तो आमच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "लिवाया कुणाला येतंय?"

आम्ही तीस वर्षे संघटनेत भाषणे केली आहेत. या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते.

संस्थेचे म्हणणे दोन प्रकारचे होते. एक, त्याने यंत्र दगडावर घातले, म्हणजे निष्काळजीपणा. सबब नोकरीवरून कमी. दुसरे, त्याने मागचा रबरी पडदा मुद्दाम काढून ठेवला होता. सबब भरपाई नाही. त्या वेळी लागू असलेल्या १९२३ च्या भरपाईच्या कायद्यात नुसता हलगर्जीपणा हे भरपाई नाकारायला कारण होत नसे. पण संरक्षणासाठी दिलेले साधन कामगाराने जाणूनबुजून काढले असे सिद्ध झाले, तर अशा दुखापतीत भरपाई जाऊ शकत होती. हे ज्यांनी सुचवले ते कायदा वाचलेले होते हे उघड आहे.

आम्ही आधी भंगाराच्या खोलीत गेलो. पडदा तेथेच होता. त्याला भोक होते आणि रबराचे तोंड आतून बाहेर उलटलेले होते. जो पडदा काढून ठेवला होता त्याला पात्याने भोक कसे पाडले, एवढाच प्रश्न आम्ही विचारला. तो मुद्दा तेथे संपला.

दगडाचा मुद्दा अवघड होता, कारण बागेत दगड असतातच. मग आम्ही पात्याचा शाफ्ट उघडला. खालच्या बेअरिंगची केज तुकडे तुकडे झाली होती, छर्रे एका बाजूला गोळा झाले होते. पण महत्त्वाची गोष्ट निराळीच होती. कड्याची आतली वाट जळून तपकिरी-निळी पडली होती आणि ग्रीसचा कोळसा झाला होता. दगडाची ठोकर एका क्षणाची. ठोकरीने खड्डा पडेल, तडा जाईल. पोलादाला निळा रंग येणार नाही. तो रंग यायला उष्णता साठावी लागते. म्हणजे बेअरिंग आधीपासून मरत होते, आठ दिवस ओरडत होते, आणि मेल्यावर पाते खाली आले. येथल्या एका तंत्रनिकेतनातल्या मास्तरांनी कड्याचा कडकपणा मोजून दिला. साठ असायला हवा तेथे बावन्न भरला. त्यावर ज्या कंपनीचे नाव कोरले होते तिच्या अधिकृत विक्रेत्याने लेखी दिले की हा माल त्यांचा नव्हे. आम्ही ते अक्षर भिंगाखाली पाहिले. चांगले होते, पण आम्हाला ठाऊक असलेल्या त्या वयस्कर गृहस्थांचा हात त्याहून चांगला होता.

माळ्याला भरपाई मिळाली, नोकरीही राहिली. कामगार चळवळीतले व्याख्यान येथे टाळ्यांवर संपायला हरकत नव्हती. परंतु बेअरिंग आणले कुणी, हा प्रश्न राहिला होता.

ते आणले होते तिथल्या फिटरने, आणि तोही आमचाच सभासद. वर्गणी वेळेवर देणारा, मोर्च्याला पुढे असणारा. मागणीच्या चिठ्ठीवर कचेरीने "बेअरिंग, २ नग" एवढेच लिहिले होते. आकडा नाही, अक्षर नाही, कंपनी नाही. सर्वांत कमी भाव स्वीकारावा हा कचेरीचा नियम. दोष तेथून सुरू होतो हे आम्ही आजही म्हणतो. पण दुकानदाराने नगामागे चाळीस रुपये चहापाण्याला परत दिले होते, आणि ते त्याने घेतले होते. त्याने स्वतःच आम्हाला सांगितले. "दादा, नवंच दिसत हुतं. फिरवून बघितलं, आवाज न्हवता." आवाज कसा नव्हता ते आमच्याइतके त्या खोलीत कुणाला माहीत होते?

कार्यकारिणीत दोन तट पडले. एक म्हणाला, आपला माणूस आहे, चाळीस रुपयांची गोष्ट चौकशीत कशाला, मालकाला आयते कोलीत मिळेल. दुसरा म्हणाला, मग माळी कुणाचा माणूस? आमचे मत दुसऱ्या बाजूला पडले. फिटरने चौकशीत जबाब दिला, आठ दिवस बिनपगारी बसला, आणि त्या आठ दिवसांचा पगार आम्ही संघटनेच्या पेटीतून दिला नाही. तो अजून आमच्याशी बोलत नाही. त्या बैठकीत आम्ही आमचा १९८६ चा गाळा बोलून दाखवायला हवा होता. दाखवला नाही. आज पहिल्यांदा आपल्यासमोर बोलतो आहोत.

तेव्हापासून आमच्या संघटनेने काही ठिकाणी दोन गोष्टी चालू करून घेतल्या. एक, यंत्रापाशी आवाजाची वही. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगायचे, पाळीच्या मुकादमाने तारीख घालून लिहायचे आणि वाचून दाखवायचे. दोन, बेअरिंगच्या मागणीत पूर्ण आकडा, अक्षरे, कंपनीचे नाव आणि "अधिकृत विक्रेत्याचे पक्के बिल" हे शब्द असलेच पाहिजेत. खोके आणि बिल पुढचे बेअरिंग बदलेपर्यंत जपायचे. पक्क्या बिलाचा आग्रह धरला की निम्मा डुप्लिकेट माल गल्लीतच राहतो. खोक्याच्या देखणेपणावर आणि दुकानदाराच्या शपथेवर जाऊ नये; हल्ली छपाई आणि कोरणी इतकी चांगली झाली आहे की आमच्यासारख्यालाही नुसत्या डोळ्यांनी खात्री देता येत नाही. काही कंपन्यांनी खोक्याचा फोटो फोनवरून पाठवून पडताळण्याची सोय केली आहे, ती वापरावी. आणि भाव. खऱ्या मालाचा भाव बाजारात थोडाफार इकडेतिकडे होतो. कुणी निम्म्या भावात द्यायला निघाला तर उरलेला निम्मा पुढे कुणीतरी भरणार आहे, कधी पैशाने, कधी बोटांनी.

चांगले बेअरिंग आणून ते मारून टाकण्याची विद्याही आपल्याकडे चांगली अवगत आहे, तिच्याबद्दल थोडे बोलून थांबतो. बेअरिंग शाफ्टवर घट्ट बसवायचे तर जोर आतल्या कड्यावरच द्यायचा. त्याच्या मापाचा पाइपचा तुकडा घेऊन. बाहेरच्या कड्यावर हातोडा मारला की तो मार छर्ऱ्यांतून जातो आणि वाटेवर छर्ऱ्यांच्याच अंतराने बारीक खड्डे पडतात. बेअरिंग चालू होण्यापूर्वीच म्हातारे होते. मोठे बेअरिंग गरम करून बसवावे, पण १२० अंशांच्या वर नेऊ नये आणि गॅसची ज्योत तर थेट लावूच नये. त्याने पोलादाचा कडकपणा उतरतो. रबरी झाकणाचे गरम करायचेच झाले तर ८० अंशांवर थांबावे. मोकळ्या बेअरिंगात ग्रीस आतल्या रिकाम्या जागेच्या तिसऱ्या हिश्श्यापासून निम्म्यापर्यंत. लाडाने ठासून भरले तर ते आतल्या आत घुसळून तापते. नवे बेअरिंग रॉकेलने धुऊ नये. कारखान्याने ते स्वच्छच पाठवलेले असते. आणि झिजलेल्या शाफ्टवर पंच मारून, त्याला टोचे उठवून, बेअरिंग "टाईट" करण्याची जी चाल गावोगाव आहे, तिच्याविषयी आम्ही आमच्या फिटर बांधवांशी वीस वर्षे भांडत आलो आहोत. चार टोच्यांवर बसलेले कडे गोल राहत नाही. शाफ्ट भरून पुन्हा टर्न करून घ्यावा. खर्च येतो, एक दिवस जातो, मालक ओरडतो. मालकाला ओरडू द्यावे.

जुने बेअरिंग काढले की लगेच भंगारात टाकू नका. ते कापून आतली वाट पाहा. वाट तिरकी असेल तर शाफ्ट वाकडा बसला आहे. धुण्याच्या पाट्यासारख्या सारख्या अंतराच्या रेघा असतील तर मोटारीतून वीज बेअरिंगमधून वाहते आहे. वेग कमीजास्त करणारे इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह आल्यापासून हे दुखणे वाढले आहे. बाहेरचे कडे पाठीवर आरशासारखे घासले असेल तर ते आपल्या घरातच गरगरत होते. कारण न पाहता नवे बसवले तर तेही त्याच वाटेने जाते, आणि दुकानदाराचे तेवढे भले होते.

वेळ झाल्याची खूण अध्यक्षांनी केली आहे. पहिल्या रांगेतल्या एका गिरणीवाल्या आजोबांनी सुरुवातीलाच विचारले होते की त्यांच्या गिरणीचे बेअरिंग सकाळी वाजते आणि दुपारी गप्प होते, तर ते बरे झाले समजायचे का. आजोबा, सकाळी ग्रीस गार आणि घट्ट असते, त्यानेही आवाज येतो. पण आठवडाभर रोज येत असेल, तर गिरणी चालू असताना लाकडाची काठी हौसिंगला टेकवून दुसरे टोक कानाला लावा, पट्ट्यापासून दूर उभे राहून, धोतर सावरून. घरघर एकसारखी असेल तर ग्रीस पाहा. मधूनमधून टकटक असेल तर गिरणी बंद करा आणि आम्हाला बोलवा.

ही तीन बेअरिंगे आता टेबलावरच राहतील. रुमालातले आणि चमकवलेले हातात घ्या, फिरवा, कानाशी धरा, त्यांतला फरक ओळखता येतो का पाहा. खोक्यातल्याचे वेष्टन मात्र कुणी फोडू नका. ते उद्या सकाळी या आजोबांच्या गिरणीत बसायचे आहे.